मामा, आधी ते छापून येऊ द्या

ती. मामांस,


तुमची वहीची पानं पोचली. पाठपोट लिहिलेली, समासात भर घातलेली. रात्री एका बैठकीत वाचून काढली. वर तुम्ही एवढंच लिहिलंय, ‘हे विकिपीडियावर घाल.’ घालायला पाच मिनिटं पुरतात. तिथे ते टिकावं यासाठी मात्र बरंच करावं लागतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपल्या गावाबद्दल असं जीव ओतून लिहिणारे गावोगाव आहेत. तुम्ही हो म्हणालात म्हणून हे पत्र छापायलाही देते आहे.

तुमच्या पानांचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्यात आपलं ओतूर गाव, मांडवी नदी, कपर्दिकेश्वराचं देऊळ आणि बाबाजी चैतन्यांची समाधी. दुसऱ्यात श्रावणी सोमवारच्या तांदळाच्या पिंडी: त्या कोण घालतात, तांदूळ कोणता लागतो, तो कसा रचतात, पूर्वी कुणाचा हात त्यात बसलेला होता आणि आता कुणाचा आहे. हा दुसरा भाग मी पुन्हापुन्हा वाचला. असं बारकाईनं लिहिलेलं मी कुठेच वाचलेलं नाही. आणि नेमका तोच भाग आज विकिपीडियावर चालणार नाही. पहिला चालेल, तोही थोडा बदलून. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, तरी कारण ऐकून घ्या.

तुमच्या कपाटात केतकरांचा ज्ञानकोश आहे. 1916 मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकरांनी त्यासाठी कंपनी काढली, भाग विकले आणि पुढे 23 खंड पुरे केले. त्या खंडांवर आपण विश्वास ठेवतो तो केतकरांच्या नावावर. वाईचा मराठी विश्वकोश घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो उभा केला, पहिला खंड 1976 मध्ये आला. तिथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि त्या विषयात त्या माणसाचा अधिकार असतो. विकिपीडियावर तसं कुणीच नाही. 15 जानेवारी 2001 ला तो इंग्रजीत सुरू झाला, मराठीत 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनी. लिहिणारे सगळे बिनपगारी, बरेचसे टोपणनावाचे. शाळकरी पोरगा आणि निवृत्त प्राध्यापक यांची वाक्यं तिथे शेजारीशेजारी उभी असतात. मग कुणाचं खरं धरायचं? तिथल्या लोकांनी यावर एकच तोड काढली: लिहिणारा कोण हे बघायचंच नाही, त्यानं कशाच्या आधारावर लिहिलंय ते बघायचं. म्हणून तुमचा पन्नास वर्षांचा अनुभवही तिथे पुरावा ठरत नाही. तुमचं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. पण नागपूरला किंवा न्यू जर्सीत बसलेल्या वाचकाला ते तपासून बघता आलं पाहिजे, एवढीच अट आहे. मला ही अट मनापासून पटते.

आता तुमचं पहिलंच वाक्य बघू. ‘हजारो वर्षांपूर्वीचे अत्यंत जागृत व पावन देवस्थान असलेले श्रीक्षेत्र ओतूर हे लाखो भाविकांचे श्रद्धास्थान आहे.’ यातलं ‘हजारो वर्षांपूर्वीचे’ कोणत्या ग्रंथात आहे? ‘जागृत’ आणि ‘पावन’ ही आपली श्रद्धा झाली. ती आपल्या मनात राहील, कोशाच्या वाक्यात नको. ‘लाखो’ कुणी मोजले? हे सगळं काढलं की उरतं ते असं: ‘ओतूर हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील मांडवी नदीकाठचे गाव आहे. गावात कपर्दिकेश्वराचे मंदिर व बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे.’ कोरडं वाटतं ना? पण देव न मानणारा माणूसही ही वाक्यं खोडू शकणार नाही, आणि पाठोपाठ संदर्भ दिला की त्यांच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

समाधीचा परिच्छेद सगळ्यात जपून लिहायला हवा. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजींकडून उपदेश झाला हे तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलंय. राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी ही नावंही त्यातच येतात. संत बहिणाबाईंनीही ती परंपरा दिली आहे. इथपर्यंत पाय भक्कम आहेत. पुढे केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य हे एकच की दोघं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तुम्ही एका ओळीत ‘एकच’ म्हणून टाकलंय आणि दुसऱ्या बाजूला ‘तथाकथित विद्वान’ म्हटलंय. मामा, ते दोन शब्द काढा. दोन्ही मतं लिहा, प्रत्येकाचा ग्रंथ द्या आणि निकाल देऊ नका. तुमच्या बाजूचा पुरावा दमदार असेल तर तो मांडल्यावर वाचणाऱ्याला कळेलच. पांगारकरांच्या तुकारामचरित्रात गुरुपरंपरेची चर्चा आहे. निरंजनबुवांचा चैतन्यकथाकल्पतरूही आहे, पण तो भक्तिभावानं रचलेला ग्रंथ, म्हणून त्यातली गोष्ट ‘या ग्रंथात असे सांगितले आहे’ अशीच यायला हवी.

गावासाठी 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो अठरावा खंड. त्याच्या तिसऱ्या भागात गावांच्या नोंदी आहेत, ओतूरचीही आहे. जुना ग्रंथ असल्यानं त्यावर आता कुणाचा हक्क नाही. तुमच्या ट्रंकेतल्या यात्रेच्या बातम्यांची कात्रणं बाहेर काढा. पण ज्या कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नाही ते निरुपयोगी. व्हॉट्सॲपवर फिरणारा गावाचा इतिहास संदर्भ म्हणून कुणी घेणार नाही. देवस्थानच्या पुस्तिकेतून साध्या गोष्टी घेता येतात, पण ओतूरची दखल बाहेरच्यांनी घेतली हे त्या पुस्तिकेतून सिद्ध होत नाही. त्यालाच तिथे ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. आणि पुस्तिकेतला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार चालतो. स्वतःच्या वाक्यांत लिहा.

इंग्रजी विकिपीडियावर नव्या माणसाला लेख थेट चढवता येत नाही. चार दिवस जुनं खातं आणि दहा संपादनं लागतात, नाहीतर मसुदा रांगेत ठेवून कुणीतरी तपासण्याची वाट बघायची. मराठीत अशी रांग नाही. जतन केलं की लेख जगासमोर. खरी तपासणी त्यानंतर. ‘अलीकडील बदल’ हे पान डोळ्यांत तेल घालून बघणारे थोडे सदस्य आहेत. त्यांना लेख बरा वाटला तर शुद्धलेखन सुधारतात, वर्ग जोडतात. खटकला तर माथ्यावर साचा लावतात: संदर्भ हवेत, नाहीतर सरळ ‘पानकाढा’. असा साचा लागला तर रागानं तो पुसायचा नाही. चर्चा पानावर जाऊन, सही करून, आपलं म्हणणं मांडायचं. शेवटी पान काढायचं की ठेवायचं ते प्रचालक ठरवतात. म्हणून आधी सगळं धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहू. तिथे हवं तेवढं खोडा, कुणी काही म्हणत नाही.

लिहायला बसण्याआधी शोध मात्र घ्यायचा. गावाचा लेख आधीच असेल तर दुसरा करायचा नाही, असलेल्यातच भर घालायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचे लेख तिथे नुसते सांगाडे आहेत: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे अशी शीर्षकं आणि खाली काहीच नाही. ती रिकामी जागा तुमच्यासारख्यांची वाट बघते आहे. ओतूर आणि ओतुर, दोन्ही लिहून बघा. शिवाय नाशिक जिल्ह्यात कळवण तालुक्यातही एक ओतूर आहे, ते आपलं समजून त्यात लिहायला नको.

आता पिंडी. तो भाग का चालणार नाही, ते एका उदाहरणावरून सांगते. 2018 च्या मे महिन्यात कॅनडातल्या डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियानं परत केला. त्यांची दखल घेतल्याचे पुरेसे संदर्भ नाहीत, असं कारण दिलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. भौतिकशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या बाई. पुष्कळांनी विकिपीडियाला नावं ठेवली. मला वाटतं, जास्त दोष बाहेरच्या जगाचा होता. इतक्या मोठ्या कामावर त्याआधी कुणी नीट लिहिलंच नव्हतं. पिंडींचं तेच आहे. दर श्रावणात बातमी येते, फोटो येतो, पुढच्या श्रावणात पुन्हा तीच बातमी. तांदूळ रचणाऱ्या हातांविषयी कुणी चार पानं लिहीत नाही.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. 2011 मध्ये अचल प्रभला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ नावाचा माहितीपट केला. ज्या भाषांत छापील पुस्तकं कमी आहेत, तिथे जाणत्या माणसाचं ध्वनिमुद्रित बोलणंच संदर्भ म्हणून चालावं का, हे भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत करून बघितलं. सर्रास मान्यता मात्र त्याला मिळाली नाही. ती मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? ज्यांना पिंड घालता येते त्यांतले थोरले आता थकलेत, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणून माझं मागणं असं. पिंडींचा भाग वेगळा काढा आणि दिवाळी अंकाला किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवा. तो तुमच्या नावानं, तुमच्या भाषेत, सगळ्या जिव्हाळ्यासकट छापून येऊ दे. तिथे ‘पावन’ही चालेल. ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना भेटा. त्यांच्यापैकी कुणी यावर स्वतंत्रपणे लिहिलं तर ते तुमच्या लेखाहूनही उपयोगी पडेल, कारण ते देवस्थानाबाहेरचे. तुमचा लेख छापून आला की तो संदर्भ म्हणून तुम्ही स्वतः जोडू नका. चर्चा पानावर सुचवा, दुसरं कुणीतरी बघून जोडेल. देवस्थानाच्या कामात तुम्ही आहात हेही तिथे आधीच सांगून टाका. सांगितलं की कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

एक गोष्ट मात्र आजही करता येते. विकिमीडिया कॉमन्सवर छायाचित्रं आणि चित्रफिती चढवायला छापील संदर्भ लागत नाही, फक्त त्या आपण स्वतः काढलेल्या आणि मुक्त परवान्याखाली दिलेल्या असल्या की झालं. या श्रावणात पिंड घालायला सुरुवात झाल्यापासून पुरी होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं फोटो काढा. नुसती सजवलेली पिंड नको. ओला-कोरडा तांदूळ, हातांची बोटं, अर्धवट रचलेला थर, सगळं हवं. घालणाऱ्यांना विचारून काढा, आणि त्यांची नावं द्यायची का तेही त्यांनाच विचारा.

खातं तुमचंच उघडू, माझ्या खात्यातून मी काही चढवणार नाही. खरं नाव द्यायलाच हवं असं नाही. मराठी टंकायची सोय तिथेच आहे, एकदा दाखवली की जमेल तुम्हाला. गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी येते आहे. तोवर नाव-तारीख असलेली कात्रणं निवडून ठेवा, आणि केशव चैतन्य-बाबाजी चैतन्य यांच्याबद्दलचं जे मत तुम्हाला पटत नाही, त्याचा परिच्छेद आधी लिहून ठेवा. तो नीट उतरला की बाकीचा लेख आपण एका दुपारी संपवू.

मामींना नमस्कार.

तुमची भाची