नदीकाठचे बुटके डोंगर

भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की त्यांना काय काय दाखवायचं याची यादी आपल्या सगळ्यांकडे तयार असते. नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्कचा पुतळा, आणि नातवंडं लहान असली तर फ्लॉरिडा. ही यात्रा पहिल्या दोन महिन्यांत उरकते. उरलेले चार महिने ती बिचारी खिडकीशी बसून समोरच्या घराचं लॉन बघत काढतात. गाडी चालवता येत नाही, आणि आमच्या गल्लीत तर फुटपाथही नाही. मग शनिवारी आपण त्यांना मॉलमध्ये फिरवून आणतो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात इडलीचं पीठ भिजवतो!

अशा पाहुण्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर आपल्यासाठीही, आम्ही इथले दोन-तीन डोंगर सुचवणार आहोत. त्यांना पर्वत म्हटलं तर न्यू हॅम्पशायरवाले हसतील. पण गेली काही वर्षं आम्ही तिथे वारंवार जातो, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेतो.

हार्टफर्डच्या बाजूने आय-९१ने उत्तरेला निघालं की तासाभरात मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थहॅम्प्टन येतं. क्वेबेकच्या सीमेजवळ उगम पावलेली कनेटिकट नदी ४१० मैल वाहून लाँग आयलंड साउंडला मिळते. नॉर्थहॅम्प्टनजवळच्या टप्प्यात तिच्या दोन्ही काठांना ताटासारखी सपाट शेतं आहेत. त्या सपाटीतून अचानक काळ्या दगडाच्या दोन रांगा उठतात. पूर्वेला माउंट होलिओकची, पश्चिमेला माउंट टॉमची, आणि मधल्या खिंडीतून नदी निघून जाते.

माउंट होलिओकची उंची जेमतेम ९३५ फूट. सिंहगड चढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटणार. पण पायथ्याची जमीन इतकी खाली आणि इतकी सपाट आहे की माथ्यावरून डोळ्यांना कुठेच अडथळा होत नाही. लोकांना हे फार पूर्वीच कळलं होतं. १८२१ साली माथ्यावर पहिली खोली बांधली गेली, १८५१ मध्ये मोठं हॉटेल झालं, आणि १८५४ मध्ये पाहुण्यांना वर ओढून नेणारी रुळांवरची गाडी आली. ती आधी घोड्याच्या ताकदीवर चालायची, नंतर वाफेच्या. १९३८च्या चक्रीवादळात हॉटेलचा बराच भाग गेला. १९४० मध्ये जोसेफ स्किनर या मालकाने डोंगर राज्य सरकारला देऊन टाकला, म्हणून आज त्याला स्किनर स्टेट पार्क म्हणतात. हॉटेल बंद झालं, पण त्याची उरलेली पांढरी इमारत आणि तिचा ऐसपैस व्हरांडा शाबूत आहे. आमच्या मते पूर्व किनाऱ्यावर दशम्या-चटणी खायला याहून चांगली जागा नाही.

आणखी एक सोय आहे. उन्हाळ्याच्या मोसमात माथ्यापर्यंत गाडीरस्ता उघडा असतो. त्यामुळे आम्ही दोन तुकड्या करतो. गुडघेवाली मंडळी आणि डबे गाडीने, बाकीचे झाडांवरच्या पांढऱ्या खुणांच्या मागाने पायी. ही वाट २००९ पासून न्यू इंग्लंड ट्रेल या राष्ट्रीय पायवाटेचा भाग आहे. चढ तासाभराचा, मधे मधे चांगला खडा. वर पोचलो की आजी-आजोबा आधीच व्हरांड्यात बसलेले असतात आणि “काय रे, दमलात एवढ्यात?” असं विचारतात. त्यांना सहा महिन्यांत असं विचारायची संधी क्वचितच मिळते!

व्हरांड्यातून नैर्ऋत्येला बघितलं की नदीचं एक भलंमोठं वळण दिसतं, बैलाच्या मानेभोवतीच्या जोखडासारखं. त्याला ऑक्सबो म्हणतात. १८३६ साली थॉमस कोल या चित्रकाराने हे दृश्य रंगवलं. हा कोल मूळचा इंग्लंडचा, सतरा-अठरा वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर इकडे आलेला, म्हणजे आपल्यासारखाच बाहेरचा. अमेरिकन निसर्गचित्रांची आद्य परंपरा ज्याच्या नावाने सांगतात तो हा गृहस्थ. त्याच्या चित्रात डावीकडे वादळी ढग आणि रान, उजवीकडे उन्हातली शेती, आणि खाली खडकांत शोधावा लागतो असा इझेल घेऊन बसलेला छोटासा कोल स्वतः. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिथे आधी ते बघून मग इथे येणाऱ्याचा जरा गोंधळ होतो, कारण चित्रातलं वळण आता नदीचं राहिलेलं नाही. चित्रानंतर चारच वर्षांनी, १८४०च्या पुरात, नदीने वळणाची मान कापून सरळ वाट धरली. मागे राहिलं ते पाणी तळ्यासारखं. आज त्यात बोटी लावलेल्या असतात आणि त्याच्या एका टोकावरून आय-९१ जातो.

आता दगडाबद्दल. परवाच्या उन्हाळ्यात वाईहून आप्पा आले होते. हे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. निवृत्त शिक्षक, पसरणीचा घाट पायी चढून पाचगणीला गेलेले, तिथून खाली दिसणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्याचा अभिमान बाळगणारे. होलिओकची उंची ऐकून ते म्हणाले, “यापेक्षा आमची सोनजाई उंच.” पण वाटेवर एके ठिकाणी उभ्या खांबांसारखा फुटलेला काळा कडा आहे, त्याला टायटन्स पियाझा म्हणतात. तो बघायला त्यांना जरा चालवत नेलं. आप्पांनी कातळावर हात ठेवला, नखाने खरवडला आणि म्हणाले, “अरे, हा तर आपला दगड!”

खरोखरच आपला. होलिओक आणि टॉम या दोन्ही रांगा बेसाल्टच्या, सह्याद्रीही बेसाल्टचा. दोन्हीकडे जमीन फाटून लाव्हा बाहेर आला आणि थिजला. दोन्हीकडे त्याला ट्रॅप म्हणतात, पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सह्याद्रीत थरावर थर आडवे चढत गेले म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. इथे थर मोजके, आणि तेही नंतर कलंडलेले, म्हणून एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला सौम्य उतार. आप्पांना हे सगळं आमच्या बारा वर्षांच्या मुलीने सांगितलं. तिच्या शाळेची सहल अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या म्युझियममध्ये गेली होती. तिथे याच खोऱ्यात सापडलेले डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. १८०२ मध्ये साउथ हॅडलीत प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला नांगरताना असे ठसे सापडले, तेव्हा लोकांना ते नोहाच्या कावळ्याचे वाटले होते. डायनासोर हा शब्दच तेव्हा जन्मायचा होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “आमचा दगड जास्त जुना आहे. दोनशे मिलियन. तुमचा फक्त सिक्स्टी-सिक्स.”

आप्पांनी बोटांवर शून्यं मोजली. वीस कोटी आणि साडेसहा कोटी. हिशेब पटला. मग म्हणाले, “पण आमचा नाही गं म्हणायचं. आपला म्हणायचं.”

“आपला म्हणजे कोणाचा?”

यावर आम्ही तिघं मोठी माणसं नुसती बघत राहिलो. इंग्रजीत ‘अवर’ या एका शब्दात सगळे मावतात. मराठीत बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, समोरचा आत की बाहेर. परतताना गाडीत आमच्यात वाद झाला. एकाचं म्हणणं, पोरीचं व्याकरण चुकलं, रविवारच्या शाळेत सांगू. दुसरीचं म्हणणं, तिने अगदी बरोबर शब्द वापरला, तिला म्हणायचं होतं तोच. आप्पा मागच्या सीटवर झोपले होते, निदान डोळे तरी मिटलेले होते. वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून विचारलं, “त्या दुसऱ्या डोंगरावर जायचं का?” म्हणून माउंट टॉम. १,२०२ फूट, होलिओकहून उंच, पण आप्पांना झेपेल तेवढंच चाललो. टॉमचा कडा पश्चिमेला तुटलेला आणि पूर्वेला उतार. म्हणजे थेट आपला घाटमाथा, फक्त खाली कोकणाऐवजी ईस्टहॅम्प्टन. कड्यालगतच्या वाटेला कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नये. सप्टेंबरच्या मध्यावर इथून दक्षिणेला निघालेले ससाणे दिसतात. ऊन तापलं की गरम हवेच्या भोवऱ्यात शेकड्यांनी गोल गोल चढतात, पंख न हलवता. दुर्बीण जरूर न्या.

थोडं रुक्ष पण गरजेचं. घरी आल्यावर सगळ्यांचे पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मुलांचे केस तपासा. इथल्या गवतात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी असतात. ऑक्टोबरात पानं रंगली की गाड्यांची ही रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा. आणि निघण्यापूर्वी होलिओकचा गाडीरस्ता उघडा आहे ना ते बघून घ्या, नाहीतर आजी-आजोबांना पायथ्याशीच डबे उघडावे लागतील.

तिसरा डोंगर शुगरलोफ, उत्तरेला साउथ डीअरफील्डमध्ये. तो काळ्या दगडाचा नाही, लाल वाळूच्या खडकाचा आहे. उंची ६५२ फूट, इथेही माथ्यावर गाडी जाते आणि वर मनोरा आहे. खाली नदी, तिच्यावरचा संडरलँडचा पूल आणि पट्ट्यापट्ट्यांची शेतं दिसतात. तंबाखू वाळवायची लांबुळकी कोठारंही अजून उभी आहेत. जमीन एवढी सपाट का, याचं उत्तर असं की हिमयुगाच्या अखेरीला बर्फ वितळलं तेव्हा या खोऱ्यात हजारो वर्षं एक प्रचंड लांब तळं होतं. शेतं आहेत ती त्या तळ्याच्या गाळावर. इथले मूळ रहिवासी पोकुमटक लोक. त्यांची कथा सांगते की त्या तळ्यात एक राक्षसी बीव्हर राहायचा आणि लोकांना छळायचा. शेवटी हॉबोमॉकने त्याला मारलं, त्याचा देह दगड झाला, तोच हा डोंगर. बाजूने बघितलं तर डोकं आणि पाठ ओळखू येतात.

शुगरलोफला आप्पांबरोबर जाणं झालं नाही. ते ऑक्टोबरात परतले, आणि आता डॉक्टर एवढ्या लांबच्या विमान प्रवासाला नको म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा मुलीने मनोऱ्यावरूनच त्यांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. तळं, गाळ, राक्षस सगळं तिने मराठीतून रेटलं, पण बीव्हरला शब्द सापडेना. आम्हालाही सापडेना.

“पाणमांजर का गं?” आप्पांनी विचारलं.

“नाही आजोबा, याचे दात मोठे असतात. झाडं कापतो आणि नदीला धरण बांधतो.”

“धरण बांधतो? मग आपल्या धोमला पाठव त्याला,” आप्पा म्हणाले, “गळती काढायला.”