पडलेल्या घराची घरपट्टी

दिलीप राजा प्रजेकडून कर घेई तो तिच्याच कल्याणासाठी. सूर्य पाणी शोषून घेतो तो ते सहस्रपटीने परत देण्यासाठी, तसेच हे, असे कालिदासाने ‘रघुवंशा’त म्हटले आहे. शाळेत असताना ही उपमा आम्हांस इतकी पटली होती की तिजविषयी कधी शंका आली नाही. पुढे वय वाढले, घरपट्टीच्या बिलावर आमचेही नाव येऊ लागले, आणि मग एक भाबडा प्रश्न मनात घोळू लागला. सूर्याने एखाद्या डबक्यातून चुकून अधिक पाणी शोषले, तर त्या डबक्याने दाद कोणाकडे मागावी? आणि दुसऱ्या डबक्याने आपले पाणी झाकून ठेवले असेल तर त्याने काय करावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हांस एकाच दिवशी आणि एकाच अंगणात मिळाली. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यास अष्टागर म्हणतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली जाऊन रायगड झाले, तरी आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यातील कुलाबा काही गेला नाही. या अष्टागरातील एका गावी माडपोफळींच्या वाडीत आमचे वडिलार्जित घर होते. उंच जोते, पुढे ओटा आणि पडवी, मध्ये माजघर, वर नळीची कौले. वाटणीत ते घर आमच्या आत्याबाईंकडे राहिले आणि शेजारचा जागेचा तुकडा आमच्याकडे आला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. दुपारच्या तीन-चार तासांत वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी मोडल्या, एक माड आढ्यावर पडला आणि संध्याकाळपर्यंत घराचे जोते आणि मागची एक भिंत तेवढी उरली. आत्याबाई शेजाऱ्यांकडे होत्या म्हणून वाचल्या. पुढे तलाठ्यांनी पंचनामा केला, सरकारी मदतही आली. परंतु त्या वयात पुन्हा घर उभारण्याची उमेद कोठून यावी? आमच्या तुकड्यावर आम्ही तीन खोल्या बांधल्या होत्या, त्यांतील एकीत त्या राहू लागल्या.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो असता आत्याबाईंनी कागद नीट लावून ठेवण्यासाठी आपला पितळी डबा आमच्यापुढे उघडला. त्यात घरपट्टीच्या पावत्या सालवार बांधून ठेवलेल्या होत्या. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत पट्टी भरली की पाच टक्के सूट मिळते. आत्याबाईंनी ती सूट एकाही वर्षी चुकविलेली नव्हती. पावत्या चाळता चाळता आमच्या ध्यानात आले की वादळानंतरच्या तिन्ही वर्षी त्यांनी पूर्वीइतकीच रक्कम भरलेली आहे.

“आत्या, घर तर पडले. मग ही पट्टी कशाची?” आम्ही विचारले.

“घराचीच,” त्या म्हणाल्या.

“पण घर कोठे आहे?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, भिंती गेल्या. कागदावर तरी असू दे. पट्टी बंद झाली की नावही जाईल.”

त्यांच्या या बोलण्यावर आम्हांस एकदम काही उत्तर सुचले नाही. आमच्याकडील गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांपाशी घराचा कागद म्हणून बहुधा एकच असतो: ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना नंबर आठचा उतारा. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला तो नसतो. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकतीचे कागद देण्याची ‘स्वामित्व’ योजना २०२० साली निघाली ती याच उणिवेपोटी. वस्तुतः आकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. ती नोंद कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेच सांगते. पण ज्याच्यापाशी दुसरा कागदच नाही, त्याला हा भेद सांगून काय उपयोग? शिवाय किनाऱ्यावर आणखी एक गाठ आहे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यात जुने अधिकृत घर पुन्हा बांधावयाचे तर ते मूळच्या जोत्याच्या मर्यादेत बांधावे लागते. तेव्हा पूर्वी येथे घर होते आणि ते एवढे होते, हे कागदावर राहणे अगत्याचेच. आत्याबाईंची भीती अडाणीपणाची होती असे म्हणण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

तरीही पडलेल्या घराचा कर घेणे नियमास धरून नव्हते. पूर्वी ग्रामपंचायती क्षेत्रफळावर सरसकट दराने घरपट्टी आकारीत. ती पद्धत न्यायालयात टिकली नाही आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने नियम बदलून आकारणी भांडवली मूल्यावर ठेवली. हे मूल्य काढण्याची रीत दिसते तितकी अवघड नाही. जागेचे क्षेत्रफळ आणि जागेचा दर यांचा गुणाकार एकीकडे. बांधकामाचे क्षेत्रफळ, बांधकामाचा दर आणि घराच्या वयाप्रमाणे होणारी घसारा-वजावट यांचा दुसरीकडे. दोहोंची बेरीज करून तिला वापराच्या भाराने गुणावयाचे. राहण्याच्या घरास हा भार कमी, व्यापारी वापरास अधिक. आलेल्या मूल्यावर दर हजारी, ग्रामपंचायतीने ठरविलेल्या दराने कर. यावरून उघड होईल की घर पडले म्हणजे बेरजेतील दुसरा आकडा शून्यावर येतो. पहिला, म्हणजे जागेचा, तसाच राहतो. सारी आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते; परंतु मध्यंतरी घर पडले, वाढले वा त्याचा वापर बदलला, तर ते पंचायतीस कळविणे मालकाचेच काम.

आम्ही अर्ज लिहावयास बसलो. पंचनाम्याची नक्कल, तीन पावत्या आणि उतारा जोडला. मजकुरात मुद्दाम लिहिले की घर वादळाने पडले आहे, जोते कायम आहे, जुन्या घराच्या मापांची नोंद शेऱ्यात ठेवावी, बांधकामावरील आकारणी पंचनाम्याच्या तारखेपासून कमी करावी आणि अधिक भरलेली रक्कम पुढील मागणीत वळती करावी. हा मसुदा आत्याबाईंनी तीनदा वाचून घेतला. “जोते कायम आहे” या शब्दांवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले होते. मग त्यांनी सही केली.

अर्ज दिल्यावर आठवड्याभराने पंचायतीचे लिपिक टेप घेऊन पाहणीस आले. त्यांनी पडके घर मापले, शेरा लिहिला आणि सहज मान वळवून आमच्या खोल्यांकडे पाहिले. “या तीन खोल्या आपल्याच ना? उताऱ्यावर राहण्याच्या म्हणून आहेत,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात दटावणी नव्हती. परंतु ओट्यावर मुंबईहून आलेली दोन कुटुंबे चहा पीत बसली होती आणि दारावर खोल्या भाड्याने मिळतील अशी पाटी होती. त्या पाटीवरील अक्षर आमचेच होते.

त्या क्षणी आम्हांस जे वाटले ते लपविण्यात अर्थ नाही. न्यायाची बाजू मांडावयास निघालेला मनुष्य स्वतःच आरोपी ठरावा, तसे झाले. मनात एक सबबही तयार होती: भाडे ते काय, शनिवार-रविवारचे, गावात कोण कळवितो? पण समोर आत्याबाई उभ्या होत्या. नसलेल्या घराचा कर तीन वर्षे भरणारी बाई एका बाजूस आणि असलेल्या धंद्याचा कर तीन वर्षे न भरणारा तिचा भाचा दुसऱ्या बाजूस! तिच्या पैशावर गावचे दिवे लागत होते आणि त्यांच्या उजेडात आमचे पाहुणे वाट काढीत होते. आम्ही लिपिकांस म्हणालो, “दोन खोल्यांचा वापर बदला. अर्ज आजच देतो.”

पुढील वर्षीच्या मागणीत आत्याबाईंची पट्टी जागेपुरती उरली आणि जादा भरलेले जेमतेम दोन हजार रुपये तीत वळते झाले. आमची पट्टी वाढली. दोन्ही बिले शेजारी ठेवली तर सारे कुटुंब मिळून पदरात काही पडले नाही. पण हिशेब प्रथमच खरा झाला.

आमचे वडील सरकारकडे पैसे परत मागणे हे कमीपणाचे समजत. मध्यमवर्गातील पुष्कळांची हीच समजूत असते. अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, असे त्यांना वाटते. आणि दुसरीकडे थोडे लपविणे म्हणजे व्यवहारचातुर्य, असेही. दोन्ही समजुती एकाच अज्ञानाच्या. वास्तविक कायद्याने दादीचा मार्ग ठेवलेला आहे तो वापरण्यासाठीच. ग्रामपंचायतीची आकारणी मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे नगरपरिषदा आहेत. तेथे आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर आधी हरकत नोंदवावी लागते, अपील त्यानंतर, आणि तेही मागणीची रक्कम भरून. मुदत टळली की खरी तक्रारही कोरडी पडते. सवलतींचेही तसेच. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीची माफी देण्याचा निर्णय २०२० साली झाला. परंतु प्रमाणपत्र जोडून अर्ज केल्यावाचून ती कोणाच्या दारी चालत येत नाही. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती की पावती डब्यात ठेवण्यापूर्वी एकदा आपला उतारा काढून वाचावा. लिहिले आहे ते आपल्या अंगणात आहे काय, आणि अंगणात आहे ते लिहिले आहे काय, हे दोन्ही पाहावे.

मागच्या खेपेस गेलो तेव्हा आत्याबाईंनी नवी पावती दाखविली. रक्कम किती कमी झाली याकडे त्यांचे लक्षच नव्हते. चष्मा लावून त्यांनी उताऱ्यावरील आपले नाव वाचले, शेऱ्यातील ‘जोते कायम’ हे शब्द वाचले, आणि कागदाची घडी घालून म्हणाल्या, “सप्टेंबरच्या आत भरली हो, सूट मिळाली.”