मोगऱ्याचं पन्हं आणि एक बाटली

सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगणार? पारा चाळिशीच्या वर गेला की आमच्या भवानी पेठेत भर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी दादाची नात आणि नातजावई पुण्याहून आले. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच तिने पिशवीतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"आत्याआजी, जिन आहे. गोव्यात बनलेली. संध्याकाळी तुझ्या पन्ह्यात घालून बघू या."

नातजावई घाईघाईने म्हणाले, "परवाना काढलाय हं आम्ही." १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्या राज्यात नुसतं प्यायलाही परवाना लागतो, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. मास्तरीणबाईंची भीती, दुसरं काय!

मी हसले, पण पोटात कालवाकालव झाली. चाळीस वर्षांत आमच्या ओट्यावर बाटली आली नव्हती.

नातेवाईक मंडळींपैकी थोरल्यांना कारण ठाऊक आहे. धाकट्यांना आम्ही कधी सांगितलंच नाही. माझा दादा गिरणीत होता. पगाराच्या दिवशी आई मला गिरणीच्या दारात उभी करायची, दादाच्या हातातलं पाकीट आधी घरी यावं म्हणून. मी तेव्हा पंधरा वर्षांची. कधी पाकीट मिळायचं, कधी दादाच दुसऱ्या दाराने निघून गेलेला असायचा. स्वभावाने इतका गोड माणूस, पण १९८४ साली गेला तेव्हा पोट फुगलेलं आणि डोळे हळदीसारखे पिवळे. वय बेचाळीस.

संध्याकाळी कैऱ्या उकडताना मी हे सगळं त्याच्या नातीला सांगितलं. तिला आजोबा "आजारपणात गेले" एवढंच माहीत होतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाटली पिशवीत ठेवून देऊ?"

खरं सांगते, "हो" अगदी ओठांवर आलं होतं. पण वाटलं, दादाचं दुःख या पोरीच्या माथी कशाला मारायचं? तिला ते कळायला हवं होतं, ते कळलं. मी म्हटलं, "कर तू. पण मापाने कर."

तर आता कृती. दोन कैऱ्या उकडून गर काढला आणि गराइतकीच साखर घातली. गूळ नको, त्याने मोगऱ्याचा वास मरतो. वेलचीही नको. चवीपुरतं मीठ. कुंडीतला, फवारणी न केलेला मोगरा धुऊन चार फुलं तांब्याभर पाण्यात दोन तास झाकून ठेवली आणि मग काढून टाकली. (रात्रभर ठेवली की पाणी कडवट होतं, हा माझा अनुभव.) पेल्यात बर्फ, तीन मोठे चमचे पन्ह्याचा गर, अर्धा पेला मोगऱ्याचं पाणी, वरून सोडा. तिने दोघांच्या पेल्यांत तीन-तीन चमचे जिन मोजून घातली आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

मी बाटलीचा वास तेवढा घेतला. देवदारासारखा वास! जुनिपर नावाच्या झाडाच्या फळांचा तो वास म्हणे. 'जिन' हा शब्दही त्या फळाच्या डच नावावरून, 'येनेव्हर'वरून आलेला. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला शब्दाचं मूळ सापडलं की निम्मा राग तिथेच जातो :)

गच्चीवर तिघं बसलो. माझ्या पेल्यात जिन नव्हती, बाकी सगळं तेच. वारा पडलेला, पण मोगऱ्याने गार वाटत होतं. त्यांनी एकेकच पेला घेतला. नंतर ती म्हणाली, "आजोबांचं अजून सांग ना." मग मी दादा शिट्टी किती छान वाजवायचा ते सांगितलं. पायऱ्या चढायच्या आधीच त्याची शिट्टी ऐकू यायची. इतक्या वर्षांत त्याचं नाव निघालं की मला गिरणीचं दारच आठवायचं. त्या रात्री पहिल्यांदा शिट्टी आठवली.

बाटली ती परत घेऊन गेली. मोगऱ्याचं पन्हं मात्र मी रोज करते आहे. तुम्हीही करून बघा, आणि कसं झालं ते नक्की कळवा.