चार जाड तारांचं भांडण

बालमित्रांनो, एक छोटंसं काम कराल? आवडीचं कुठलंही गाणं लावा आणि या खेपेला गाणाऱ्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. शब्द सोडून द्या. गिटार, बासरी, व्हायोलिन, जे काही वरवर चमकत असेल तेही सोडा. आता विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं एकेक पायरी खाली उतरा. अगदी तळाशी काहीतरी दुम् दुम् करत चालताना ऐकू येईल. आलं? तोच बेस!

तसं आपल्याला हे नवीन नाही बरं का. तबल्याच्या जोडीत डग्गा घुमतो. तानपुऱ्यात खर्जाची तार असते. शाहिराच्या मागे उभे राहून झीलकरी सूर धरून ठेवतात. टाळ्या पडतात शाहिराला, पण झीलकरी गप्प बसले तर पोवाडा उघडा पडेल की नाही? बेस गिटारचं काम साधारण असंच असतं. तिला चार जाड तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. पूर्वी या कामाला माणसाहून उंच असा लाकडी डबल बेस लागायचा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. दांडीवर सतारीसारखे पडदे, आणि गळ्यात अडकवून कुठंही न्या! या बेसवर जी सुरावट गाणंभर चालत राहते, तिला म्हणायचं बेसलाइन.

आता दुसरा शब्द, पंक. संस्कृतात पंक म्हणजे चिखल, हे तुम्हाला 'पंकज' शब्दामुळे ठाऊक असेलच. हा पंक मात्र इंग्रजी. अर्थ साधारण 'टुकार पोरगा'! १९७४ ते १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये या संगीतानं जोर धरला. त्या वेळी रॉक संगीत फार बडं झालं होतं. मोठमोठी मैदानं, महागडी वाद्यं, न संपणारं गिटारवादन. ज्यांच्या खिशात पैसे नव्हते आणि हातात फारशी कला नव्हती, अशी पोरं म्हणाली, "आम्हीसुद्धा वाजवणार!" १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका हौशी चोपड्यात एक चित्र छापून आलं होतं. गिटारवर तीन कॉर्ड कशा धरायच्या ते दाखवलेलं, आणि खाली सल्ला असा की झालं, आता तुमचा बँड काढा! गाणी छोटी, वेगवान आणि रागावलेली.

(पालकांसाठी एक शब्द: यातल्या काही गाण्यांची भाषा खरखरीत आहे. तेव्हा मुलांबरोबर बसूनच ऐका. तुम्हालाही मजा येईल!)

आता भांडणाकडे येऊ. पंकचे चाहते जगभर एका प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. सगळ्यांत भारी बेसलाइन कोणती? आमच्या घरी हे भांडण एका रविवारी पेटलं, आणि त्याला कारण झाली माझी नववीतली भाची.

तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच जणांचा बँड ठरला होता. गाणं, गिटार, कीबोर्ड आणि ड्रम पटापट वाटले गेले. उरला बेस. तो हिच्या गळ्यात पडला. अगदी पट्ट्यासकट! ती तोंड फुगवून म्हणाली, "मावशी, मी सोमवारी सरांना नको म्हणून सांगणार आहे. महिनाभर बोटं घासायची आणि ऐकू कुणाला येणार? जे कुणालाच नको होतं, ते मला दिलंय."

तिचा मोठा भाऊ इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, "आधी जगातली भारी बेसलाइन ऐक. मग खुशाल नाही म्हण."

झालं! प्रत्येकानं एकेक गाणं लावायचं आणि ते का भारी हे पटवून द्यायचं, असं ठरलं.

पहिला नंबर अर्थातच दादाचा. त्यानं लावलं कॅलिफोर्नियाच्या 'रॅन्सिड' या बँडचं १९९५ सालचं 'मॅक्सवेल मर्डर'. गाणं संपायला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. पण मध्येच बाकी सगळे बाजूला होतात आणि मॅट फ्रीमनचा बेस असा काही सुसाट सुटतो की ऐकणाऱ्याला धाप लागावी! "हात बघ त्याचा!" दादा म्हणाला. "आहे कुणाची टाप?"

भाचीचं तोंड आणखी उतरलं. "मला दहा वर्षांत नाही जमणार हे."

मग मी माझं पान टाकलं. लंडनचा 'द क्लॅश' हा बँड, गाणं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन', साल १९७९. इथं बेस धावत नाही. तो चालतो, थांबतो, आजूबाजूला बघतो आणि पुन्हा चालू लागतो. हे गाणं लिहिलं आणि गायलं ते बँडच्या बेसवाल्यानंच, पॉल सिमनननं. त्याचं बरंचसं लहानपण दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टन भागात गेलं. तिथं जमैकाहून आलेली अनेक कुटुंबं राहत. त्यांच्या रेगे संगीतात बेस मागे उभा राहत नाही, तोच पुढे चालतो. तो आवाज पॉलच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता. गाण्यातला ताण आहे तो पोलीस आणि वस्तीतली माणसं यांच्यामधला. पुढे एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टनमध्ये खरोखरच मोठी दंगल झाली.

आणि गंमत ऐका. १९७६ मध्ये क्लॅशमध्ये आला तेव्हा या पॉलला बेस वाजवताच येत नव्हता! बँडमधल्या मिक जोन्सनं त्याला शिकवलं. कुठला सूर कुठं आहे हे कळावं म्हणून पॉलनं बेसच्या दांडीवर सुरांची नावंच रंगवून ठेवली होती. आपण पाठांतराचा कागद भिंतीला चिकटवतो ना, तसंच!

भाची आता सरळ बसली होती. ती सुरावट गुणगुणून बघत म्हणाली, "हे मला जमेल."

"म्हणजे सोपं आहे म्हणून भारी?" दादानं लगेच पकडलं. "मग कठीण शिकायचंच कशाला?"

मित्रांनो, प्रश्न चांगला आहे. टाळण्यासारखा नाही. मी त्याला १९९० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 'बीट्स इंटरनॅशनल' नावाच्या मंडळींनी 'डब बी गुड टू मी' हे गाणं काढलं. शब्द दुसऱ्याच एका गाण्याचे, पण खाली बेसलाइन पॉलची. ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे दहा वर्षांनंतर त्या बेसलाइनवर नवं घर बांधलं, तरी पाया हलला नाही. वाजवायला सोपी असेल, पण सुचायला सोपी होती का?

"आणि यानंच तो बेस आपटून फोडला ना?" दादा म्हणाला. खरं आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये प्रेक्षकांना खुर्च्यांतून उठू देत नव्हते. पॉल वैतागला आणि त्यानं बेस रंगमंचावर आपटला. पेनी स्मिथ या छायाचित्रकार बाईंनी तो क्षण टिपला. फोटो धूसर आलाय, मुखपृष्ठावर नको, असं त्यांचं म्हणणं होतं. बँडनं ऐकलं नाही. 'लंडन कॉलिंग'चं ते मुखपृष्ठ रॉकच्या इतिहासात गाजलं. २०१९ मध्ये लंडनच्या शहर-संग्रहालयात क्लॅशचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो मोडका बेसही तिथं मांडला होता. (तुम्ही मात्र शाळेचं वाद्य आपटू नका. बिल घरी येईल!)

फोटोवरून आठवलं. पंकमधला सगळ्यांत प्रसिद्ध बेसवाला कोण, असं विचारलं तर पुष्कळ जण 'सेक्स पिस्टल्स'च्या सिड व्हिशसचं नाव घेतील. तो चेहरा टी-शर्टांवर, भिंतींवर, सगळीकडे असतो. पण त्या बँडच्या १९७७ च्या अल्बमवरचा बहुतेक बेस वाजवलाय गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनं. सिडच्या आधी बँडमध्ये असलेला ग्लेन मॅटलॉक चांगला वाजवायचा आणि गाणी रचायलाही हातभार लावायचा. त्याचा फोटो तुम्ही कुठं पाहिलाय? सिड तर नशेच्या पायी १९७९ मध्ये गेला. वय अवघं एकवीस. दिसणं एकाचं आणि वाजवणं दुसऱ्याचं, असंही होतं जगात. म्हणून या भांडणाला डोळे मिटून बसावं.

तिसरी पाळी भाचीची. तिनं दादाच्या यादीतून शोधून काढलं वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या बँडचं १९८८ सालचं 'वेटिंग रूम'. सुरुवातीला जो लॅलीचा बेस एकटाच येतो. मग बाकीचे सामील होतात. आता गाणं उसळणार, असं वाटतं न वाटतं तोच सगळं थांबतं! टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. आणि मग पुन्हा तोच बेस.

"त्या थांबण्यात मी मनातल्या मनात बेसच वाजवत होते," भाची म्हणाली. "तुम्ही?"

आम्ही दोघंही तेच करत होतो! या फुगाझीची आणखी एक गोष्ट तिला फार आवडली. त्यांच्या कार्यक्रमांना सर्व वयांच्या मुलांना प्रवेश असे, आणि तिकीट साधारण पाच डॉलरच्या आसपास ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष असे. शाळकरी पोरंसुद्धा येऊ शकली पाहिजेत ना!

मध्येच दादानं मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन'च्या पीटर हुकचं नाव काढलं. मी म्हटलं, हा पंक नव्हे, पंकच्या नंतरचा. दादा म्हणाला, "जून १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स ऐकून दुसऱ्या दिवशी ज्यानं बेस विकत घेतला, तो पंक नाही?" यावर अर्धा तास गेला. हुक वरच्या पट्टीत वाजवायचा, कारण शेजारच्या गिटारच्या दणक्यात खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू येत नसत. बिचारा! ऐकू येण्यासाठी वर चढला आणि त्यातूनच स्वतःची शैली सापडली.

"म्हणजे ऐकू यायचं असेल तर वर चढायलाच हवं," भाची पुटपुटली. तिचं मूळ दुखणं तेच होतं. मग मी शेवटची गोष्ट सांगितली.

कॅलिफोर्नियात सॅन पेड्रो नावाचं बंदराचं गाव आहे. तिथं माइक वॉट आणि डी. बून असे दोन शाळकरी मित्र होते. पोरं रस्त्यावर भटकण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी, असं बूनच्या आईला वाटलं. आपला मुलगा गिटार वाजवणार, तेव्हा माइकनं बेस वाजवावा, हे तिनंच ठरवलं. म्हणजे याच्याही गळ्यात बेस पडलाच! आणि त्याला बेस म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. चार तारांची गिटार असेल, अशी समजूत. खऱ्या बेसच्या जाड तारा त्यानं नंतर पाहिल्या.

पुढे जॉर्ज हर्ली हा ड्रमवाला त्यांना मिळाला आणि 'मिनिटमेन' हा बँड झाला. त्यांच्या १९८४ च्या 'डबल निकल्स ऑन द डाइम'वर चाळीसहून अधिक छोटी छोटी गाणी आहेत. ती ऐकाल तेव्हा एक गोष्ट टिपा. बूनची गिटार मुद्दाम बारीक, टोकदार आवाजात वाजते. का? खालची जागा बेस आणि ड्रमला मोकळी राहावी म्हणून. एकानं पुढे आणि दोघांनी मागे असं नको, तिघं सारखे, हा त्यांचा विचार होता, आणि तो त्यांनी आवाजातच उतरवला. माइकला वर चढावं लागलं नाही. त्याच्या मित्रानं जागा करून दिली.

डिसेंबर १९८५ मध्ये गाडीच्या अपघातात बून गेला. सत्तावीस वर्षांचा होता. माइकला वाजवणंच नको झालं. तेव्हा एड क्रॉफर्ड नावाचा एक चाहता ओहायोहून थेट सॅन पेड्रोला येऊन थडकला आणि त्यानं माइकला पुन्हा वाजवायला लावलं. त्यातून 'फायरहोज' हा नवा बँड उभा राहिला. 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये बेस वाजवणाऱ्या किरा रोस्लरबरोबर माइकनं 'डॉस' नावाचाही बँड केला. त्यात वाद्यं किती? फक्त दोन बेस!

भाची हसली. म्हणाली, "त्यात मला कुणी कीबोर्डच्या मागे उभं केलं नसतं."

सोमवारी तिनं सरांना नको म्हटलं नाही. महिनाभर एकच सुरावट घोकली. बोटांना फोड आले. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ती कीबोर्डच्या मागे अर्धीच दिसते, आणि तिच्या आजीला बेस ऐकू आलाच नाही. पण सरावाच्या वेळची एक गोष्ट तिनं मला सांगितली. एकदा पाणी प्यायला ती मध्येच थांबली, तर ड्रमवाला मुलगा ओरडला, "अगं, थांबू नकोस! तू थांबलीस की मी हरवतो!" हे तिनं मला तीनदा सांगितलं.

मग जिंकलं कोण, विचाराल. कुणीच नाही! दादा फ्रीमनवर ठाम आहे, मी सिमननवर, आणि भाची दर आठवड्याला बदलते. पण भांडता भांडता आम्ही एकेक गाणं दहा-दहा वेळा ऐकलं, आणि दर वेळी मागे उभं असलेलं कुणीतरी नवीन सापडलं.

तुम्हीही घरी हे भांडण काढून पाहा. पंकच पाहिजे असं नाही. नियम तीनच. न ऐकता मत द्यायचं नाही. 'मला आवडतं' एवढ्यावर थांबायचं नाही, कुठल्या जागी आवडतं ते बोट ठेवून दाखवायचं. आणि समोरच्याच्या गाण्यातली एक तरी चांगली गोष्ट सांगितल्याशिवाय आपलं गाणं लावायचं नाही.

आणि भांडण मिटलंच नाही तर? मग काय, पुन्हा लावा गाणं!