विकतचा वनवास

मनुष्यावर कोसळणाऱ्या आपत्तींची जी यादी आपल्या पूर्वजांनीं करून ठेविली आहे, तींत वनवासाचें स्थान फार वरचें आहे. कैकेयीनें रामासाठीं मृत्यु मागितला नाहीं, वनवास मागितला. द्यूतांत सर्वस्व हरल्यावर पांडवांच्या वांट्यास आला तोहि वनवासच. आजहि एखाद्या बाईच्या नशिबीं फार हाल आले, म्हणजे आमच्या घरांतून 'तिचा वनवास कांहीं संपत नाहीं' असेंच म्हणतात. अशा या वनवासासाठीं नामांकित माणसें मोबदला ठरवून, करारावर सही करून, विमानानें रवाना होतील, आणि तीं तेथें कसे हाल सोसतात हें पाहण्यासाठीं लाखों कुटुंबें रात्रीचें जेवण आटोपून टेलिव्हिजनसमोर बसतील, ही कल्पना वाल्मीकि-व्यासांच्या प्रतिभेलाहि सुचली नसती. आमच्या पिढीनें मात्र हें प्रत्यक्ष पाहिलें आहे, आणि पाहतां पाहतां तिला त्याची संवयहि होऊन गेली आहे.

इंग्लंडांत २००२ च्या ऑगस्टमध्यें आय.टी.व्ही. वाहिनीवर 'आय ॲम ए सेलिब्रिटी... गेट मी आउट ऑफ हिअर!' या लांबलचक नांवाचा कार्यक्रम सुरू झाला. 'मी प्रसिद्ध माणूस आहें, मला येथून बाहेर काढा!' असा त्या नांवाचा अर्थ. दहाबारा नामवंत, म्हणजे कोणी नट, कोणी गायिका, कोणी निवृत्त खेळाडू, आणि अलीकडे एखादा राजकारणीहि, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील रानांत नेऊन ठेवावयाचे. शिधा म्हणून थोडे तांदूळ आणि घेवड्यासारखें कडधान्य द्यावयाचें. याहून अधिक अन्न हवें असेल, तर त्यांच्यापैकीं कोणीतरी कसोटीस उतरावयाचें. ही कसोटी म्हणजे कधीं झुरळांनीं भरलेल्या पेटींत पडून राहणें, कधीं साप सोडलेल्या अंधाऱ्या पोकळींत हात घालणें, तर कधीं सभ्य माणसानें ज्यांचें नांव चारचौघांत घेऊं नये असे प्राण्यांचे अवयव चावून गिळणें. कसोटीस कोणीं जावें हें पुष्कळदां प्रेक्षक मतें देऊन ठरवितात; शेवटपर्यंत कोणीं राहावें हेंहि तेच ठरवितात. पहिल्या वर्षीं टोनी ब्लॅकबर्न हे रेडिओवरील जुने निवेदक विजयी झाले. करोनाच्या साथीमुळें २०२० आणि २०२१ सालीं सारा मुक्काम वेल्समधील एका जुन्या किल्ल्यांत हलवावा लागला, तरी लोकांचा लोभ कमी झाला नाहीं. आपल्याकडे सोनी वाहिनीनें २००९ सालीं 'इस जंगल से मुझे बचाओ' या नांवानें त्याची हिंदी आवृत्ति काढून पाहिली. ती मात्र एका हंगामापलीकडे गेली नाहीं.

या कार्यक्रमाला टीकाकारांची वाण कधींच पडली नाहीं. २००९ सालीं दोघां स्पर्धकांनीं रानांत एक उंदीर मारून शिजवून खाल्ला. न्यू साउथ वेल्समधील प्राणिदया संस्थेनें तें प्रकरण न्यायालयांत नेलें, आणि पुढील वर्षीं निर्मात्या कंपनीस ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. निसर्गाचे अभ्यासक ख्रिस पॅकहॅम यांनीं जीवजंतूंच्या या हालांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलें. २०१९ पासून तर जिवंत किडे खावयास लावण्याची प्रथा निर्मात्यांनीं बंद केली. म्हणजे किड्यांना वकील मिळाला, आणि त्यांचा दावा कांहीं अंशीं निकालांतहि निघाला.

आमच्या प्राध्यापकवर्गाचा आक्षेप याहून निराळा आहे. तो अभिरुचीचा आहे. दुसऱ्याची फजिती पाहून हंसणें हें हीन मनाचें लक्षण, असा निकाल आम्ही स्टाफ-रूममध्यें चहाच्या पेल्याबरोबर देऊन टाकतों. मला हा निकाल घाईचा वाटतो. मोठ्या म्हणविणाऱ्या माणसाचा रंग पावसांत धुऊन गेल्यावर खालीं काय उरतें, हें पाहण्याची इच्छा हीन खास नव्हे. तिसऱ्या दिवशीं पोटांत कावळे ओरडूं लागले, म्हणजे वाढून आलेल्या भातांतला आपला घांस कोण दुसऱ्याला देतो, खरकटीं भांडीं घासण्याची पाळी कोण चुकवितो, कोण दुसऱ्याच्या पाठीमागें कुजबुजतो, हें दिसूं लागतें. आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणासहि मनुष्यस्वभावाची ही परीक्षा चांगली परिचयाची आहे. २०२२ सालीं जी विजयी झाली ती जिल स्कॉट ही इंग्लंडच्या महिला संघांतील फुटबॉलपटु. तिच्यापाशीं पाहण्यासारखें विशेष कांहीं असेल तर इतकेंच कीं, ती लहानथोर सर्वांशीं सारखीच हंसून बोले. तिला लाखों लोकांनीं निवडावें, यांत अभिरुचीच्या ऱ्हासाचें चिन्ह मला तरी दिसत नाहीं.

दोष आहे तो निराळ्या जागीं आहे. तो मला प्रथम जाणवला तो वर्गांत. डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही १७१९ सालची कादंबरी मी पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें. तिच्या मुळाशीं ज्याची हकीकत होती असें मानतात, तो अलेक्झांडर सेल्कर्क नांवाचा स्कॉटिश खलाशी १७०४ पासून १७०९ पर्यंत पॅसिफिक महासागरांतील एका ओसाड बेटावर एकटा राहिला. आजच्या या सर्व रानटी करमणुकींचें घराणें त्याच्यापर्यंत पोंचतें. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याच्या कल्पनेवरून १९९७ सालीं स्वीडनमध्यें जो पहिला कार्यक्रम निघाला, त्याचें नांवच 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन' असें होतें. अमेरिकेंत तोच २००० सालीं 'सर्व्हायव्हर' झाला, आणि त्याच्या पहिल्या हंगामाचा शेवट ५ कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. परंतु सेल्कर्कला क्षितिजावर कधीं शीड दिसेल कीं नाहीं हें ठाऊक नव्हतें. आमच्या नामवंतांचें जहाज मात्र किनाऱ्याला नांगर टाकून उभेंच असतें. झुडुपाआड कॅमेरा आहे, कॅमेऱ्याआड डॉक्टर आहे, आणि कार्यक्रमाच्या नांवांत असलेलें वाक्य उच्चारतांच दार उघडणार आहे. तेव्हां येथें जीव धोक्यांत आहे असें समजणें हा निव्वळ भ्रम होय.

मग धोक्यांत काय आहे? स्वीडनमधील त्या पहिल्याच हंगामांत ज्या स्पर्धकाला इतरांनीं सर्वांत आधीं मत देऊन बाहेर काढलें, त्यानें घरीं परतल्यावर, कार्यक्रम लोकांना दिसण्यापूर्वींच, आत्महत्या केली. त्या मृत्यूचा दोष कार्यक्रमाकडे किती जातो यावर तेव्हां पुष्कळ वाद झाला. त्यांत मी पडत नाहीं. पण बेटावर ना त्याला सापानें चावलें, ना उपासानें त्याचा जीव घेतला, एवढी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या रानांतलें खरें श्वापद म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे.

व्यासांना हें मर्म कळलें होतें. त्यांनीं पांडवांना बारा वर्षांचा वनवास दिला आणि त्यापुढें एक वर्ष अज्ञातवासाचें ठेविलें. वनांत कोणीं ओळखलें तरी बिघडत नव्हतें. तेराव्या वर्षीं ओळखलें तर पुन्हा बारा वर्षें वनांत. बारांच्या तोलास एक, हा हिशेब शाळेंत असतांना मला कोड्यासारखा वाटे. आतां तो उलगडतो. ज्याला लोकांच्या ओळखीची संवय झाली आहे, त्याला भूक सोसते, डांस सोसतात, जमिनीवरची निज सोसते. ओळख पुसून गेलेली सोसत नाहीं. टेलिव्हिजनच्या रानांत जाणारीं बरींचशीं माणसें अज्ञातवासाच्या उंबरठ्यावर उभीं असतात. गाणें जुनें झालें, मालिका संपली, मंत्रिपद गेलें. पांडवांनीं वनवास भोगून मग अज्ञातवास भोगला. हीं माणसें वनवास पत्करतात तो अज्ञातवास चुकविण्यासाठीं. सौदा पुष्कळदां किफायतशीरहि ठरतो. नायजेल फराज २०२३ सालीं या रानांत जाऊन तिसऱ्या क्रमांकावर आले, आणि २०२४ च्या जुलैंत क्लॅक्टनमधून पार्लमेंटांत निवडून गेले. पहिल्या गोष्टीमुळें दुसरी घडली असें मी म्हणत नाहीं. पण वनवासामागून राज्यप्राप्ति हा क्रम आमच्या कीर्तनकारांना अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

२०२२ च्या नोव्हेंबरांत मी लेस्टर येथें माझ्या धाकट्या बहिणीकडे होतों. त्या वर्षीं रानांत मॅट हॅनकॉक आले होते. करोनाच्या साथींत ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते. माणसांनीं माणसांपासून दूर राहावें हा नियम लोकांना सांगणाऱ्यांपैकीं ते एक. तोच नियम त्यांनीं स्वतः मोडल्याचें उघडकीस आल्यावर २०२१ च्या जूनमध्यें त्यांना राजीनामा द्यावा लागला. रानांत जाण्याचें ठरवितांच त्यांच्या पक्षानें त्यांना आपल्या संसदीय गटांतून निलंबित केलें. साथींत आप्त गमावलेल्या कुटुंबांनीं निषेध नोंदविला. आणि प्रेक्षकांनीं ओळीनें कित्येक दिवस कसोटीसाठीं त्यांनाच निवडलें.

या प्रेक्षकांत माझा तेरा वर्षांचा भाचाहि होता. रात्रीं नऊ वाजतां तो फोन हातांत घेऊन न्यायाधीशाच्या गांभीर्यानें कोचावर बसे.

“मामा, आजसुद्धा मी त्यांनाच पाठवणार.”

“कां रे बाबा?”

“आम्ही सगळे घरात बसून होतो तेव्हा. शाळा नाही, मित्र नाहीत. आणि नियम सांगणाऱ्यांनीच नियम मोडला.”

बहीण पलीकडे कपड्यांच्या घड्या घालीत होती. “पण किती वेळा पाठवलंस म्हणजे फिटेल?” तिनें वर न पाहतांच विचारलें.

पोरगा हिशेबी. त्यानें क्षणभर विचार केला. “अजून दोनदा,” तो म्हणाला.

पुढें चारपांच दिवसांनीं त्यानें आपला निकाल फिरविला. “आता बास झालं, आई. कुरकुर न करता सगळं करतात ते. बरे आहेत.” आणि त्या रात्रीं त्यानें आपलें मत त्यांना रानांत राखण्यासाठीं दिलें.

“तुझं फिटलं,” बहीण म्हणाली. “पण ज्यांची माणसं गेली, त्यांच्या वतीनं तू कसं सांगणार?”

भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं; कारण प्रश्न त्याच्या वयाचा नव्हता, माझ्या वयाचा होता.

आमच्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताचा विचार बारकाईनें केलेला आहे. पाप करणाऱ्यानें पर्षदेपुढें जाऊन आपल्या पापाचा उच्चार करावा, पर्षदेनें सांगितलेलें व्रत आचरावें, देह कष्टवावा, आणि शेवटीं यथाशक्ति दान करावें. टेलिव्हिजनवरील प्रायश्चित्तांत देहाचे कष्ट खरे असतात, हें मी मान्य करतों. परंतु पर्षद म्हणून तेथें कोचावर बसलेले आम्ही असतों, आणि दानाचा ओघ उलट दिशेनें वाहतो. हॅनकॉक यांनीं पार्लमेंटच्या नोंदवहींत दाखविल्याप्रमाणें त्यांना या कार्यक्रमाबद्दल ३,२०,००० पौंड मिळाले, आणि त्यांतून १०,००० पौंड त्यांनीं धर्मादाय दिले. आपल्याला थोडी क्षमा हवी आहे, असें त्यांनीं रानांत बोलून दाखविलें होतें. ती इच्छा ढोंगाची होती असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. ते तिसरे आले. म्हणजे लोकांनीं ती क्षमा त्यांना बऱ्याच अंशीं देऊनहि टाकली.

माझें म्हणणें इतकेंच कीं, ती देणारे लोक कोण होते? शिक्षा करण्याचा आणि क्षमा करण्याचा, असे दोन अधिकार हा कार्यक्रम आमच्या हातीं सोंपवितो, आणि दोन्ही आम्हांला फुकट मिळतात. शिक्षा आम्ही करतों ती गंमत वाटते म्हणून. क्षमा करतों ती गंमत पुरी झाली म्हणून. दहा दिवसांत माझ्या भाच्याचा राग निवळला, त्याच्या मनांत दया उपजली, आणि ती दया खरी होती. पण ज्या घरांतली एक खुर्ची रिकामी झाली, त्या घराकडे मत मागावयास कोणी गेलें नाहीं. उद्यां हीच संवय आम्हांला लागली, तर अन्याय सोसणारा बाजूला राहील, आणि करणारा व पाहणारा आपसांत हिशेब मिटवून मोकळे होतील. किड्यांपेक्षां मला या गोष्टीची अधिक धास्ती वाटते.

अज्ञातवास संपत आला असतां विराटाच्या सभेंत घडलेला प्रसंग याच संदर्भांत मला आठवतो. आपल्या पुत्रानें कौरवांना जिंकल्याच्या आनंदांत राजा विराट कंकाबरोबर द्यूत खेळत होता. कंक म्हणून वावरणारा युधिष्ठिर बृहन्नडेची स्तुति करूं लागला, तेव्हां राजानें संतापून हातांतला फांसा त्याच्या तोंडावर मारला. नाकांतून रक्त आलें. तें भूमीवर पडलें तर राजाचा व राष्ट्राचा नाश होईल, म्हणून युधिष्ठिरानें तें ओंजळींत धरलें, आणि सैरंध्रीनें पाण्यानें भरलेलें सोन्याचें पात्र पुढें केलें. पुढें राजपुत्र उत्तर आला. त्यानें झाला प्रकार पाहून पित्याला क्षमा मागावयास सांगितलें. विराटानें ती मागितली, आणि आपण केव्हांच क्षमा केली आहे असें युधिष्ठिरानें उत्तर दिलें. ज्यानें मारलें त्यानें मागितली, ज्याला लागलें त्यानें दिली. आपण कोणा सम्राटाची क्षमा मागत आहों, हें त्या घटकेस विराटाला ठाऊकहि नव्हतें. कंक नांवाचा, आपल्या पदरीं असलेला एक फांसे खेळणारा माणूस, एवढीच त्याची त्याला ओळख होती.