खोली गहाण ठेवायची होती

मरहूम अब्बांनी 1978 साली डिलाईल रोडवरच्या एका चाळीत पागडी देऊन खोली घेतली. दहा बाय बाराची, संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक. अब्बा गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पगार थांबला, तरी त्यांनी खोलीचे भाडे थकू दिले नाही. सगळ्या भाडेपावत्या एका पिशवीत घालून ती पिशवी ते पेटीत ठेवत. म्हणायचे, "ही पावती आहे म्हणून आपण मुंबईत आहोत."

2019 साली आम्हाला कळले की त्या पावतीवर मुंबईत राहता येते, पण कर्ज मिळत नाही.

झाले असे, की माझा धाकटा भाऊ दुसऱ्याचा टेम्पो पगारावर चालवत होता. मालकाने टेम्पो विकायला काढला आणि भावाला म्हणाला, "4 लाख दे, तूच घे." महिन्याची मुदत दिली. भावाकडे पन्नास हजार होते. भाऊ मुंब्र्याला राहतो, अम्मी एकटी डिलाईल रोडला. साहजिकच सगळ्यांच्या मनात आले, एवढी खोली आहे, तिच्यावर थोडे कर्ज काढू. व्याजाचा विचार आला नाही असे नाही. आला होता, पण "रोजीरोटीचा प्रश्न आहे" म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला होता. हे खरे तेच लिहिते.

मी आणि भाऊ बँकेत गेलो. अब्बांच्या इंतकालनंतर पावती अम्मीच्या नावावर झाली होती, ती दाखवली. उपकर धरून महिना दोनशेच्या आत भाडे. साहेबांनी पावती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "मालकीचा कागद?"

भाऊ म्हणाला, "एजंट या खोलीचे पंचवीस-तीस लाख सांगतो."

साहेब नम्रपणे म्हणाले, "सांगत असेल. पण मालक दुसरा आहे. तुम्हाला राहण्याचा हक्क आहे. उद्या हप्ते थकले तर बँकेने विकायचे काय?"

बोलणे खरे होते. मुंबईत 1947 च्या भाडे कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. मालकाला भाड्यातून काही सुटेना, म्हणून तो खोली देतानाच एकरकमी पागडी घेऊ लागला. ही पागडी कित्येक वर्षे कायद्याला मान्य नव्हती. नवा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला, तेव्हा तिला मान्यता मिळाली. तरीही पागडी देणारा भाडेकरूच राहतो, मालक होत नाही. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तरी मालकाची संमती लागते आणि तो आपला हिस्सा घेतो. गावाकडे जमीन नजरगहाण ठेवतात, ताबेगहाण ठेवतात, कारण सातबाऱ्यावर आपले नाव असते. इथे नाव फक्त पावतीवर.

बँकेबाहेर पडलो तर एका ओळखीच्याने एक सावकार सुचवला. शेकडा तीन रुपये, तेही महिन्याला. तिथून आम्ही सलाम करून उठलो.

मग एजंटनेच तिसरा रस्ता काढला, हेवी डिपॉझिट. एक नोकरदार मुलगा 4 लाख एकरकमी देणार, 11 महिने खोलीत राहणार, भाडे शून्य. मुदत संपली की त्याचे 4 लाख त्याला परत. अम्मीने तेवढे दिवस मुंब्र्याला जायचे. भाऊ खूश झाला. म्हणाला, "आपा, यात व्याज कुठे आहे? आपण एक पैसा जास्त देत नाही." मलाही पटले. आमच्या नात्यातल्या दोन घरांनी असेच केले होते आणि तेही याला बिनव्याजी व्यवहार म्हणत.

अम्मी एवढेच म्हणाली, "इमामसाहेबांना विचारून या. मग मी पिशवी भरते."

इमामसाहेबांनी विचारले, "ते 4 लाख परत करायचे आहेत ना?"

"हो."

"मग नाव डिपॉझिट असले तरी ते कर्ज झाले. आता सांगा, एरवी ही खोली किती भाड्याने जाईल?"

"आठ हजार."

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. आठ हजार गुणिले 11, म्हणजे 88 हजार. "4 लाख कर्ज दिले म्हणून त्याला 88 हजारांचे राहणे फुकट मिळते. शेकडा 22 झाले. तुम्ही रोख देत नाही, खोली देता, एवढाच फरक."

आम्ही गप्प झालो. मग त्यांनी समजावले की गहाण ठेवणे मना नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी स्वतः आपले चिलखत एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण ठेवले होते. सूरह बकराच्या 283 व्या आयतीतही तारण ताब्यात देण्याचा उल्लेख आहे. पण तारण हे भरवशासाठी असते. कर्ज देणाऱ्याने त्यातून कमाई करायची नसते.

चाळीतल्या एका वकिलांकडून दुसरी बाजूही कळली. मालकाच्या संमतीशिवाय खोलीत पोटभाडेकरू ठेवला, तर तेवढ्यावरून मालक खोली खाली करून मागू शकतो. सबळ कारण नसताना सहा महिने खोली वापरलीच नाही, तरीही तो दावा लावू शकतो. म्हणजे 4 लाखांसाठी अब्बांनी संपातही सांभाळलेले छप्पर आम्ही पणाला लावत होतो.

त्या रविवारी आम्ही नातेवाइकांना बोलावले. भायखळ्याहून खाला आल्या. चालत चालत, धापा टाकत. सगळे ऐकून म्हणाल्या, "दीड लाख माझ्याकडे आहेत. हजला जायचे ठेवलेत, पण नंबर लागायला वेळ आहे." मामूंनी एक लाख कबूल केले, मी आणि माझ्या मियांनी एक लाख. भावाचे पन्नास धरून 4 लाख पुरे झाले.

खालांनी काही मागितले नव्हते. अम्मीनेच आपल्या चार बांगड्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "बहीण असलीस म्हणून काय झाले? पैसा हजचा आहे. तारण ठेव." सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तसे स्टॅम्प पेपरवर लिहिले. रक्कम, मुदत, बांगड्यांचे वजन, दोन साक्षीदार. भावाला जरा लाज वाटली. पण लिहिल्यामुळे पुढे एकदाही "मी असे म्हणालो होतो" हे वाक्य ऐकावे लागले नाही.

जानेवारीत खालांच्या मुलीचे लग्न झाले. त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. अम्मी म्हणाली, "अगं, माझ्या घालायच्यास ना!" त्या म्हणाल्या, "त्या अमानत आहेत. माझ्याकडे आहेत, पण माझ्या नाहीत." हेवी डिपॉझिट आणि तारण यातला फरक मला खरा त्या दिवशी समजला.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. टेम्पो उभा राहिला, चार हप्ते चुकले. भाऊ फोन करायलाही कचरत होता. खालांनीच फोन केला, "आधी पोरांना जेवू घाल." अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, हे आपण वाचतो. त्यांनी ती दिली, आणि सवडीचे जादा काही घेतले नाही. 2022 च्या रमजानआधी शेवटचा हप्ता फिटला. बांगड्या ज्या रुमालात गेल्या होत्या, त्याच रुमालात परत आल्या.

प्रत्येकाला अशी खाला नसते, हे मी जाणते. म्हणून वाचक भगिनींना दोन गोष्टी सांगते. पागडीची खोली असेल तर पावती राहणाऱ्याच्या नावावर वेळेवर करून घ्या आणि भाडे थकवू नका, तिची खरी किंमत राहण्यातच आहे. आणि कुणी बिनव्याजी म्हणून काही पुढे केले, तर आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. कर्ज दिल्याबद्दल देणाऱ्याला काय फुकट मिळते, एवढे विचारा.

अम्मी अजून त्याच खोलीत आहे. महिन्याच्या दहा तारखेला ती भाडे भरते आणि पावती अब्बांच्या पिशवीत ठेवते.