मामांचा तानपुरा

मिरज,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. ताईस,


तुझं पत्र पोहोचलं. मामांनी मोठ्या हौसेनं मिरजेहून आणून दिलेल्या तानपुऱ्यात तुला तीन उणिवा दिसल्या. भोपळा आणि गळा जुळतो तिथं पॉलिशवर केसाएवढी रेघ आहे, खर्जाची तार बसकी वाजते आणि एक खुंटी जागची हलत नाही. परत करावा तर मामांचं मन दुखेल, ठेवावा तर रोज रियाजाला बसताना तेच डोळ्यांत सलेल, असं तू लिहिलंस. या पेचात पडणारी तू पहिली नाहीस. भेट आलेल्या वाद्याबद्दल बोलणं विकत घेतलेल्या वाद्यापेक्षा अवघडच असतं. पण मामांच्या मनाचा विचार करण्याआधी या तीन गोष्टी आल्या कुठून ते पाहू.

तानपुऱ्याचं निम्मं अंग शेतात तयार होतं. मिरजेच्या कारागिरांकडे भोपळे येतात ते मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून. ते महिनोन् महिने वाळवतात, मग कापून, भिजवून त्यांना आकार देतात. गळा, दांडी आणि तबलीला तुनाचं लाकूड लागतं. वेलीवर वाढलेली वस्तू दोन्ही अंगांनी हुबेहूब सारखी नसते, त्यामुळे भोपळा एका बाजूला किंचित जास्त फुगलेला असेल तर तो दोष धरत नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या या हातकामाला. साच्यातून काढलेल्या मालाची कसोटी इथं लागू होत नाही.

आता खुंटीचं. मिरजेत वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तुमच्या कोयनानगरला साधारण पाच हजार. मिरजेच्या कोरड्या हवेत घासून बसवलेली लाकडी खुंटी ऐन पावसाळ्यात तुमच्या घरात आली. लाकडानं ओल धरली, ते फुगलं आणि खुंटी भोकात घट्ट बसली. उन्हाळ्यात हीच खुंटी सैल पडून घसरायला लागेल, तेव्हा तिला खडू लावावा लागेल. हवा बदलली की असं व्हायचंच. उद्या दुसरा तानपुरा आणलास तरी पहिल्या पावसात तोही हेच करील. तेव्हा आता जोर लावून ती फिरवू नकोस, खुंटी मोडली तर नवी घडवून बसवावी लागते.

खर्जाच्या तारेची गोष्ट जास्त नाजूक आहे. भोपळ्यावरची तबली ओलीनं जराशी उचलली की तिच्यावरची घोडीही वर येते आणि जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेली घासणी, बिघडते. घोडीचा माथा सपाट दिसला तरी तो सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. जवारी काढणारा कारागीर तार बाजूला सारतो, बारीक कानशीनं त्या उतारावरून एक-दोन हात फिरवतो, तार पुन्हा जागेवर घेतो, छेडतो, ऐकतो आणि परत कानस उचलतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढेमागे झाला तरी आवाज बदलतो. एका जागी तार मुकी असते, पुढच्या जागी ती एकदम खुलते आणि सगळा भोपळा गुंजू लागतो. तुझा दोरा वाटेत सरकलाय की घोडीच घासायला हवी, हे हात लावल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तारा घोडीवर घासून चर पडतात आणि जवारी अधूनमधून पुन्हा काढावीच लागते, हे तानपुरा बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

या जवारीचं नवल शास्त्रज्ञांनाही वाटलं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेवर एक छोटा निबंध लिहिला. साध्या घोडीवरची तार जिथं छेडावी, तिथं ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा तारेचा नियम सांगतात. तानपुऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं कारण पसरट घोडी व त्या दोऱ्यात शोधलं. म्हणजे तानपुऱ्याचा आवाज या दीड-दोन बोटं रुंदीच्या घोडीवर ठरतो, आणि ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येते.

मिरजेचा हा धंदाच दुरुस्तीतून उभा राहिला असं इथं सांगतात. फरीदसाहेब शिकलगार हे हत्यारांना धार आणि चकाकी देणाऱ्या घराण्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पटवर्धनांच्या संस्थानात येणाऱ्या गवयांची वाद्यं त्यांच्या हाती दुरुस्तीला आली, आणि त्यातून ते नवी वाद्यं घडवू लागले. आज ही घराणी सतारमेकर म्हणूनच ओळखली जातात. पुढं मिरजेत राहिलेले गवई अब्दुल करीम खाँ तर वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हातानं करायचे. तानपुरा जुळवण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात ते गेले, त्यांची कबर मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. एवढा मोठा गवई कानस आणि दोरा घेऊन घोडीशी बसायचा. तानपुरा दुकानातून निघाला की झाला, असं त्यानं कधी मानलं नाही.

राहिली ती रेघ. तिच्याकडे मात्र काणाडोळा करू नकोस, कारण तडा आणि तडा सारखा नसतो. तुमच्या गावानं ते पाहिलंय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या भिंतीला आडवे तडे गेले, विशेषतः मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो त्या पातळीवर. अभियंत्यांनी ते तपासले, एपॉक्सीनं भरले, पोलादी तारांनी भिंत आवळली आणि पुढं मागच्या बाजूनं तिला आधार दिला. तडा कुठं आहे, किती खोल आहे आणि त्यावर भार किती येतो, हे आधी पाहिलं, मग ठरवलं. तूही तेच कर. रेघेवरून नख फिरव. नख अडकलं नाही तर ती पॉलिशचीच रेघ. मग भोपळ्यावर बोटाच्या पेरानं हलकेच ठोकून बघ, सगळीकडे आवाज सारखा भरीव यायला हवा. रेघेपाशी तो फुटका आला, किंवा तारा चढवल्यावर रेघ रुंदावली, तर सांधा सुटतोय असं समज. तिथंच सगळ्या तारांचा ताण येतो.

परत करण्याजोगी कारणं थोडी आहेत, पण ती पक्की आहेत. खुंट्यांच्या बाजूनं एक डोळा मिटून दांडीवरून घोडीकडे बघ, दांडीला बाक किंवा पीळ दिसला तर तानपुरा ठेवू नकोस. घोडीखाली तबली आत दबली असेल तरी नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हा तानपुरा तुझ्या पट्टीचा आहे का? काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्यावर काळी चारला गाणाऱ्या मुलीनं तारा ताणल्या तर तारा तुटतात, नाही तर वाद्यावर नको तेवढा ताण येतो. घेणाऱ्याला हे दुकानात सुचतंच असं नाही. माप चुकलं असेल तर तिथं कानस आणि दोरा काही करू शकत नाहीत, आणि अशा वेळी संकोचापायी गप्प बसणं मामांच्या पैशांचंही नुकसान.

माझं मत विचारलंस तर रेघ वरवरची निघाली, दांडी सरळ असली आणि पट्टी तुझी असली, तर तानपुरा परत करू नये. पण मामांपासून काही लपवूही नये. तू गप्प राहिलीस आणि त्यांनी वर्षानं येऊन पाहिलं की तानपुरा कोपऱ्यात खोळीत पडलाय आणि तू फोनवरच्या तानपुऱ्यावर गातेस, तर त्यांना जे वाटेल ते आज खरं सांगितल्यानं वाटणार नाही. त्यांना आजच फोन कर. आधी त्यावर काय गातेस ते सांग, मग खर्जाचं सांग आणि जवारी काढायला सोबत याल का, असं विचार. पट्टीच चुकली असेल तर तेही याच फोनवर सांग आणि बदलायला दोघांनी मिळून जा.

पाऊस ओसरला की मिरजेला ये. त्याआधी इथली जवारी काढून उपयोग नाही, कारण तुमच्या ओल्या हवेत ती महिन्याभरात पुन्हा बदलेल. तोवर तानपुरा बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, रियाज झाला की अडकलेल्या खुंटीची सोडून बाकीच्या तारा थोड्या उतरव आणि खोळीत घालण्याआधी कोरड्या कापडानं पूस. येताना बसमध्ये तो मांडीवर आडवा घे, भोपळा खिडकीकडे नको. 

मामा काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आत्या